रॉकीची खाट सोडून

पुरुषांच्या वॉर्डात शिरलेल्या जंतूला कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नव्हतं. साधी औषधं झाली, महागडी झाली. शेवटी डॉक्टरांनी कपाटातलं राखीव औषध काढलं, त्यालाही तो जेमतेमच दाद देत होता. सिस्टर रोवेनाला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. जंतू खिडकीपासून ओळीने खाटा घेत आला आणि हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या रॉकीची तेवढी सोडून पुढे गेला. डावीकडचा तापाने फणफणलेला, उजवीकडचाही. मधे रॉकी पेपर वाचत बसलेला.

पाणी तपासलं, एसी तपासला, फिनेल बदललं. रॉकीला घरून काय खायला येतं तेही विचारलं.

"बोलणी," तो म्हणाला.

बुधवारी रोवेनाच्या सासूबाई आल्या आणि उलगडा झाला. गिरीज गावच्या या आल्बिनाबाई दर बुधवारी आजाऱ्यांना भेटायला येत. प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायचा, जखमेची पट्टी चाचपायची, की पुढची खाट. रॉकीपाशी मात्र त्यांनी पदर सावरला आणि मान वळवून पुढे गेल्या. रॉकी त्यांचा शेजारी; विहिरीच्या वाटेच्या भांडणावरून दोन्ही घरांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. जंतूनेही ते पाळलं होतं.

राखीव औषध हरलं तर माणसं दगावणार होती. सांगणं भाग होतं. संध्याकाळी त्याच घरी परत जाणंही भाग होतं. रोवेनाने सासूबाईंना बेसिनपाशी नेलं.

"आई, आजार तुमच्या हातांनी फिरतोय."

"याच हातांनी तुझी पोरं वाढवली."

"तेव्हा हात धुवायचात. इथे या खाटेवरून त्या खाटेवर तशाच जाता."

"प्रार्थनेच्या मधे कसले हात धुवायचे?"

"फादर मिस्साच्या प्रार्थनेत मधेच धुतात."

"म्हणजे मी येऊच नको?"

"या ना. पण लागण झालेल्यांना लांबूनच. जवळ बसायचं ते लागण नसलेल्याजवळ."

"मग बसू कुणाजवळ?"

रोवेनाने नळ सुरू केला आणि ती बाजूला झाली.

आल्बिनाबाईंनी कोपरापर्यंत साबण लावला. त्यांना मुळीच घाई नव्हती. मग त्या रॉकीच्या खाटेशेजारच्या स्टुलावर जाऊन बसल्या. रॉकीने पेपर खाली केला.

"हात धुतलेस?"

"धुतले."

"दाखव."

आल्बिनाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. रॉकीने ते उलटेपालटे करून घेतले, चष्मा लावला, परत बघितले.

"नखं," तो म्हणाला.

आल्बिनाबाई उठल्या आणि परत बेसिनकडे चालू लागल्या.