चाळिसाव्याचे गहू

"हात लावणार न्हाई मी तुज्या गव्हाला! माजी पोरंबी लावणार न्हाईत. आन् गावातली कुठली बाई लावतीया, तेबी बघते!"

कानेला वरच्या बांधावरून ओरडत होती आणि खाली दियामांतो जैतुनाच्या झाडाखाली फळं झेलायला जाळी पसरत होती. जाळीला दोन माणसं लागतात. एक टोक तिनं दगडाखाली दाबलं, दुसरं धरायला गेली की समुद्रावरचं वारं पहिलं टोक उचकटून टाकायचं. दरवर्षी दुसरं टोक कानेलाच धरायची. थोरली नणंद ना ती! लिगेरोसची सख्खी बहीण. आणि लिगेरोस, दियामांतोचा नवरा, तर मातीत गेला होता.

"खायाचं त्यांच्या नावानं हाय, वन्सं," दियामांतो म्हणाली. "माज्या न्हवं."

"त्याच्या नावानं मी मेणबत्ती लावीन. तुज्या हातचं खाणार न्हाई. तू त्याच्या मरणाची वाट बघत बसली व्हतीस!"

दियामांतोनं जाळीवर आणखी एक दगड ठेवला.

आता हे भांडण कशावरून, ते सांगतो. गावात मयत झालं की दियामांतोला बोलावणं जायचं. मेलेल्याच्या उशाशी बसायचं आणि त्याचा सगळा जन्म ओळीत बांधून विलाप करायचा, तोही तिथल्या तिथं. तिच्या आईचा हा गळा, तिच्याकडं आलेला. पण या विलापाचीही एक रीत आहे. सुरुवात घरच्या बाईनं करायची. तिचा गळा दाटला, शब्द तुटले, की शेजारच्या बाईनं तिच्या हातावर हात ठेवून पुढची ओळ उचलायची. घरच्या बाईचा गळा तुटतोच. तो तुटावा म्हणूनच शेजारी दुसरी बसलेली असते.

दियामांतोचा तुटला नाही.

बांध दुरुस्त करताना दगडासकट खाली आलेल्या लिगेरोसला लोकांनी शिडीवर घालून आणलं, तेव्हा ती कणीक मळत होती. पिठाच्या हातानंच उशाशी बसली. तोंड उघडलं आणि ओळी यायला लागल्या. त्याची लंगडी गाढवी आली, कोपराला फाटलेला कोट आला, बापानं वाकडा रचलेला आणि यानं सरळ करायला घेतलेला बांध आला. एक अक्षर कमीजास्त नाही, एक हुंदका नाही. हात बधिर, पाय बधिर, तोंड तेवढं चालू. आपण थांबलो की हा मेलाच, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं होतं. म्हणून ती थांबेना. शेजारी कानेला हात उचलून तयार बसली होती. भावासाठी तिनंही चार ओळी मनात धरल्या होत्या. पाळीच आली नाही. शेवटी पाद्रीबाबा आले, लोकांनी शवपेटी उचलली, आणि कानेलाच्या ओळी तिच्याच पोटात राहिल्या.

मग काय! पाण्याच्या टाक्यावर बायकांना चघळायला मिळालं.

"येवढं झ्याक आयत्या येळंला सुचतं व्हय गं?"

"छ्या! आधीच जुळवून ठिवलं असणार. नवरा जित्ता असताना!"

"डोळ्यातनं टिपूस तरी आला का?"

टिपूस आला नव्हता, ते खरं. अजूनही आला नव्हता. चूल पेटवावी, शेळ्या सोडाव्यात, शेळ्या बांधाव्यात, एवढंच तिला कळत होतं. लोक काय बोलतात ते भिंतीपलीकडून आल्यासारखं यायचं. फक्त एका गोष्टीनं काळीज हलायचं. चाळिसाव्याला, म्हणजे मरणाच्या चाळिसाव्या दिवशी, घरच्या बाईनं गहू उकडून चर्चला न्यायचे, आणि गावानं मूठमूठ खाऊन "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं. तेवढ्या तोंडांच्या बळावर मेलेल्याची वाट सरते. गहू परातीत तसेच माघारी आले, तर लिगेरोस कुठं जाणार?

ती पाद्रीबाबांकडं गेली.

"प्रार्थना मी म्हणीन," बाबा दाढी खाजवत म्हणाले. "पर लोकांचं जबडं मी कसं उघडू? जरा रडली असतीस तर!"

"येईना रडू, बाबा."

"मग मधी अडखळायचं तरी, बये! येवढं चांगलं कशापायी म्हणायचं?"

दियामांतो उठली आणि गहू निवडायला घरी गेली.

चाळिसाव्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं गहू उकडले, फडक्यावर पसरून कोरडे केले. मनुका, बदाम, डाळिंबाचे दाणे घातले. सकाळी परातीत ढीग थापून वर पांढरी बारीक पूड चाळली, कागदानं दाबून गुळगुळीत केली आणि बदामांनी क्रूस काढला. हात आपोआप चालत होते. तिच्या हातचे गहू गावात नावाजलेले. पुन्हा तेच! परात बघून बायका कुजबुजल्या, "बघा, नक्षी कशी काढलीया! हिला दुख म्हून हाय का काय?"

प्रार्थना झाली. दियामांतो चर्चच्या दारात परात धरून उभी राहिली. बायका खाली बघत बाजूनं जायला लागल्या. पुरुषांनी टोप्या घातल्या आणि बायकांच्या मागं निघाले. कानेला फाटकाशी हाताची घडी घालून उभी. परात जड होत चालली होती, पण खाली ठेवायची नसते.

मग काठी टेकत सासू आली. म्हातारी यानूला. डोळ्यांनी अधू, तोंडात तीन-चार दात.

"माज्या लेकाचं हाय न्हवं हे? दे हिकडं."

तिनं मूठ भरली, तोंडात टाकली. चावताचावता थांबली. तोंड वाकडं झालं. मग डोळे मोठे करून सुनेकडं बघत राहिली. दियामांतोचा चेहरा परातीसारखाच सपाट. म्हातारीनं घास कसाबसा गिळला आणि मोठ्यांदा म्हणाली, "देव त्याला क्षमा करो. कानेला! हिकडं ये!"

"आई, म्या सांगितलंय न्हवं..."

"एक घास खा. मंग बोल काय बोलायचं ते."

आईपुढं काय चालणार? कानेला रागारागानं आली, चिमूट घेऊ लागली तर म्हातारीनं मूठ भरायला लावली. कानेलानं तोंडात टाकली.

मीठ! नुसतं खारट मीठ. साखर म्हणून हिनं वर बारीक मीठ चाळलं होतं, आतही मीठच कालवलं होतं. डोळ्यांत पाणी यावं एवढं. गावात जिच्या हाताला नाव, तिनं साखरेच्या जागी मीठ घातलं होतं आणि तिचं तिला कळलंही नव्हतं.

कानेलानं भावजयीकडं बघितलं. ती पुढच्या माणसासाठी परात जरा पुढं करत होती.

"देव त्याला क्षमा करो," कानेला म्हणाली आणि तिचा गळा तुटला. मागं वळून तिनं टाक्यावर चघळणाऱ्या बायकांना हाक मारली. "काय उभ्या ऱ्हायलाय? या की! खावा!"

त्या आल्या. मग बाकीच्या आल्या. एकीनं तोंडात टाकलं, दुसरीकडं बघितलं, मान खाली घातली. पुरुष आले, खोकले, गिळलं. "क्षमा करो, क्षमा करो" म्हणत सगळं गाव खात राहिलं. एकानंही मिठाचं नाव काढलं नाही. परात रिकामी झाली. कडेला राहिलेले चार दाणे दियामांतोनं बोटानं पुसून स्वतःच्या तोंडात टाकले. तिला ते खारटही लागले नाहीत आणि गोडही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेतात आली, तर जाळीचं दुसरं टोक धरून कानेला आधीच उभी. पायाशी पाण्याची कळशी, निम्मी रिकामी.

दोघींनी जाळी ताणली. टोक दगडाखाली दाबत दियामांतोनं विचारलं, "वन्सं, ग्वाड झालतं न्हवं गहू?"

कानेलानं कळशी उचलली, घोटभर पाणी प्याली.

"व्हय गं," ती म्हणाली. "लई ग्वाड झालतं."