आईची पहिली भाषा

स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी, आमच्या 'स्लोव्हेन घर' या समाजमंदिराच्या वार्षिक कार्यक्रमात, पडद्याआडून मुलांना संवाद पुरवता पुरवता आई खुर्चीतच कलंडली. ब्युनोस आयर्सच्या या उपनगरात, युद्धानंतर इथे आलेल्या आमच्या माणसांनी स्वतः विटा वाहून ते घर बांधलं, आणि तिथल्या शनिवारच्या शाळेत आईने कित्येकांना आणि पुढे त्यांच्या पोरांनाही स्लोव्हेन शिकवली. मधल्या सुट्टीत कुणी स्पॅनिश बोललं की ती म्हणायची, "ते रस्त्यावर. इथे आपली भाषा."

मेंदूत रक्तस्राव झाला होता. काही दिवसांनी तिला वाचा आली. दवाखान्यात मी सूप भरवत होते, बाबा खिडकीशी माते, इथला नळीने प्यायचा कडवट चहा, पीत बसले होते. आई माझ्याकडे बघून सलग, स्पष्ट काहीतरी बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. बाबांच्या हातातली मातेची नळी ओठांपाशीच थांबली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"जर्मन आहे," बाबा म्हणाले. "खेडवळ, पण जर्मनच."

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बाबांचं गाव जाळलं होतं, थोरल्या भावाला कुंपणाशी उभं करून गोळी घातली होती. शाळेत छड्या मारून बाबांना ती भाषा शिकवली होती. आमच्या घरात जर्मन गाणंसुद्धा चालत नसे.

"आई, मी कोण?" मी आमच्या भाषेत विचारलं. ती परक्या पोरीकडे बघावं तशी बघत राहिली.

संध्याकाळी पावला मावशी आली. युद्धानंतर ऑस्ट्रियातल्या निर्वासितांच्या छावणीत ती आणि आई एकाच तंबूत होत्या. आईचं बोलणं ऐकून ती पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली.

"विन्को, आता तुझ्यापासून लपवून काय उपयोग," ती बाबांना म्हणाली. "ही आपल्याच देशातल्या कोचेव्येच्या जंगलातली जर्मन. पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातच राहिलेली माणसं ती. युद्धाच्या शेवटी पळताना वाटेत हिचे आईबाप गेले. माझ्या आईने हिला जवळ घेतलं आणि छावणीत भाची म्हणून सांगितलं. आपली भाषा अर्धीमुर्धी यायची, बाकीची मी शिकवली."

"नाव तरी खरं आहे का?" बाबांनी विचारलं.

"खरं माटिल्डे. त्याचं तिल्का आम्ही केलं."

"भावाच्या नावाने मेणबत्ती लावायचो, तेव्हा ही शेजारी उभी असायची."

"म्हणूनच बोलली नाही. आधी तुला घाबरायची. मग तू आवडायला लागलास, तेव्हा जास्तच घाबरायला लागली."

बाबांनी टोपी उचलली आणि निघून गेले.

गोष्ट दबून राहिली नाही. रविवारी प्रार्थनेनंतर संस्थेचे अध्यक्ष प्रेगेल्य यांनी मला बाजूला घेतलं. लहानपणी तेही आईच्याच वर्गात होते.

"हे बाहेर जायला नको, नेझका. आमच्या पोरांना भाषा कुणी शिकवली, तर जर्मन बाईने."

"वाईट शिकवली का?"

"चांगली शिकवली, तोच तर त्रास आहे," ते म्हणाले.

बाबा घरी द्राक्षाच्या वेलाखाली बसून असायचे. ताट तसंच परत यायचं. दवाखान्याचं नावही काढायचे नाहीत. मग एका दुपारी मी गेले, तर ते आईच्या उशाशी बसलेले. आई काहीतरी मागत होती, नर्सला कळत नव्हतं. बाबांनी घसा खाकरला आणि वर्गात उभं केलेल्या पोरासारखे अडखळत जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले. आई दचकली. मग हसली आणि काहीतरी सांगू लागली.

"चूक काढतेय माझी," बाबा म्हणाले.

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. आईची स्लोव्हेन परत आलीच नाही.

"राग गेला का, बाबा?" एकदा परतताना बसथांब्यावर मी विचारलं.

"नाही." ते रस्त्याकडे बघत होते. "आज तिला भावाचं सांगितलं. तिच्याच भाषेत. खूप रडली. मग मला विचारलं, तुम्ही कोण?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"विन्को, म्हटलं. तुमच्या शेजारच्या गावचा."