खटक्याची पेडलं

तैवानमधल्या बानचिआओच्या एका ऑफिसात सायकलीचं काही विचारायचं असलं की लोक वेंग पो-कायकडे जात. सीट किती उंच ठेवायची, पावसाळ्यात चेनला कुठलं तेल लावायचं, हेल्मेटचा पट्टा किती आवळायचा, सगळं त्याला ठाऊक. कुणी विचारलं की त्याची कळी खुलायची. म्हणून हिशेब विभागातल्या थू श्यो-लिंगनं नदीपलीकडून सायकलनं यायचं ठरवलं, तेव्हा तिनं त्यालाच गाठलं.

"वेंगदादा, मला साधी पेडलं चालतील ना?"

"साधी? मग सायकल तरी कशाला, चालतच ये की!" तो हसला. "खटक्याची घे. बूट पेडलमध्ये अडकतो, पाय घसरत नाही. टाच बाहेर वळवली की सुटला. दोन दिवसांत सवय होते."

पेडलं त्यानं स्वतःच बसवून दिली, आणि खटक्याचा स्क्रू आपल्या सायकलीसारखाच करकचून आवळला. नवख्या माणसाला तो ढिला ठेवायचा असतो, म्हणजे पाय पटकन सुटतो, आधी भिंतीला धरून पाय अडकवायचा-सोडवायचा सराव करायचा असतो, हे त्याला माहीत होतं. शिकताना तो स्वतः सुपारीच्या टपरीसमोर, भर रहदारीत, सायकलसकट आडवा झाला होता. एकदा नव्हे, अनेकदा. ते त्यानं कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. 'तुझा ढिला ठेवू या' म्हणायला गेलं तर 'का' म्हणून विचारेल, आणि मग ते पडणं सांगावं लागेल.

त्याच आठवड्यात पूल उतरल्यावर सिग्नलला श्यो-लिंग थांबली. पाय काही सुटेना. स्कूटरींच्या घोळक्यात ती धाडकन उजव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं.

ऑफिसात बातमी आली तशा सगळ्यांच्या नजरा पो-कायकडे वळल्या.

"मी बजावलं होतं तिला," तो बोलून गेला. "सिग्नल येण्याआधीच एक पाय सोडवून ठेव म्हणून. ऐकायला नको?"

लोकांनी माना डोलावल्या. दुपारचा डबा मात्र त्यानं न उघडताच पिशवीत ठेवला.

शनिवारी पेरू घेऊन तो तिच्या घरी गेला. दार तिच्या सासूनं उघडलं.

"या, या. तुम्ही एवढं बजावून सांगितलंत, ऑफिसातल्या पोरींनी फोनवर सगळं सांगितलं. पण आमच्या बाईसाहेबांचं लक्ष असेल तर ना!"

श्यो-लिंग हात गळ्यात बांधून बसली होती. तिनं मान खाली घातली. "चुकलंच माझं, वेंगदादा. तुमचंही नाव उगाच खराब झालं."

पो-कायची कानशिलं तापली. गप्प राहिला असता तर चहा पिऊन मानानं परतता आलं असतं.

"आई," तो सासूला म्हणाला, "मी हिला काहीही बजावलं नव्हतं. स्क्रूसुद्धा मीच आवळला. ढिला ठेवायला हवा होता. मी स्वतः कितीदा पडलोय, तेही लपवलं. ऑफिसात खोटं बोललो मी."

श्यो-लिंगनं हळूच मान वर केली.

"मला वाटलं, तुम्ही सांगितलं असणार आणि मीच विसरले," ती म्हणाली. "आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. मी वेंधळी झालेय की काय, असं वाटायला लागलं होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी त्यानं ऑफिसात सगळ्यांसमोर खरं सांगितलं. कुणी तरी टपरीसमोर पडण्यावरून चेष्टा केली, बाकीचे आपापल्या कामाकडे वळले. तिथून पुढे सल्ला विचारायला फारसं कुणी आलं नाही.

हात बरा झाल्यावर श्यो-लिंग पुन्हा सायकलनं यायला लागली. घराजवळच्या दुकानातून तिनं साधी, रुंद पेडलं बसवून घेतली होती. एका सकाळी ऑफिसला येताना पुलावर दोघांची गाठ पडली. तिनं मान हलवून नमस्कार केला, थांबली मात्र नाही. पो-काय उतरून कठड्याशी उभा राहिला, आणि ती बरीच पुढे गेल्यावरच सायकलवर बसला.