तीसवरचा काटा

मी काटा बोलतोय. घड्याळाचा नाही. एका जुन्या विलायती मोटारीच्या समोरच्या काळ्या तबकडीवर जो पांढरा, बारीक काटा असतो ना, गाडी किती जोरात चालली ते दाखवणारा, तो मी. शाळा माझ्या नशिबी नव्हती. शून्यापासून ऐंशीपर्यंतचे आकडे तेवढे ओळखतो, तेही रोज शिवून शिवून. ते आकडे मैलांचे आहेत. माझ्या वेळी मैलच होते. सावकाश सांगतो, ऐकून घ्या.

माझ्या पाठीला एक तार आहे. ती खाली चाकांच्या फिरण्याला जोडलेली असते. चाकं फिरली की तार फिरते, तार फिरली की मी उठतो. माझी अक्कल एवढीच. माझ्या मनानं मी कधी उठलो नाही.

जहाजातून आलो, आणि उमरेडकडच्या कोळशाच्या खाणीवरच्या एका साहेबाकडे राहिलो. त्याचा पाय फार जड. तो मला साठच्या पुढं न्यायचा, कधी सत्तरच्या जवळ. तेव्हा मी तरुण होतो, मला वाऱ्याची मजा वाटायची. शेवटी इंजिन धूर ओकायला लागलं. साहेब गाडी तशीच सोडून गेला, आणि कितीतरी वर्षं मी शून्यावर पडून राहिलो. तबकडीवर कोळी जाळं विणून गेला.

मग कृष्णकांत आले. उमरेडच्या तहसीलीत कारकून. अंगानं बारीक, बोलणं हळू, शर्टाच्या खिशाला नेहमी शाईचा डाग. खाणीच्या लिलावात त्यांनी गाडी घेतली तेव्हा सारं गाव हसलं. त्यांची बायको सुमती मात्र पदरानं माझी काच पुसून म्हणाली, "अहो, हा काटा किती नाजूक आहे. बाईच्या हातचा वाटतो." त्या दिवसापासून मी तिचा झालो.

नागपुरात गांधीबागेच्या मागच्या गल्लीत भैयाजी म्हणून मिस्त्री होता. त्यानं इंजिन पूर्ण उघडून नवं केलं. नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवावं लागतं, आतले भाग एकमेकांना घासून बसेपर्यंत. गाडी देताना भैयाजीनं तेलकट बोट माझ्या काचेवर ठेवलं.

"साहेब, नवी चप्पल घालून माणूस कसा जपून चालते, तसं चालवा. ह्या तीसच्या वर काटा जाऊ देऊ नका. बिलकुल नाही. मी सांगीन तवाच सोडा."

"तुम्ही सांगाल तेव्हा," कृष्णकांत म्हणाले.

भैयाजी त्यानंतर दुकान बंद करून छिंदवाड्याकडे आपल्या गावी गेला आणि तिकडंच वारला. सांगायचं राहून गेलं.

आता दुसरा कोणी असता तर चार महिन्यांनी पाय मोकळा सोडला असता. कृष्णकांत कारकून होते. वरून हुकूम आला की तो रद्द झाल्याचा हुकूम येईपर्यंत चालूच राहतो, हे त्यांच्या हाडात शिरलेलं. ते मला तीसवर न्यायचे, आणि तिथं त्यांचा पाय आपोआप थांबायचा. बाजूनं ट्रक जायचे, फटफट्या जायच्या, एकदा तर लग्नाच्या वरातीतला टेम्पो पुढं गेला. सुमती हसायची. "बरं आहे," म्हणायची, "झाडं तरी नीट दिसतात."

पुढच्या उन्हाळ्यात ती पडली.

दुपार होती. उमरेडमध्ये सगळी दारं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. सुमतीच्या छातीत कळ आली. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, नागपूरला न्या, रामदासपेठेत मोठं हॉस्पिटल आहे, ताबडतोब न्या. दवाखान्याची जीप कुठं तरी गेलेली. कृष्णकांतांनी गाडी काढली. मागच्या सीटवर सुमती, तिचं डोकं सुमंतच्या मांडीवर. सुमंत म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, तेव्हा कॉलेजात होता.

रस्ता मोकळा होता. मी तीसवर पोचलो आणि थांबलो.

"बाबा, जोरात चालवा ना!" सुमंत ओरडला.

"याहून पळत नाही बेटा. गाडी याहून पळतच नाही."

"बाबा, आईचे हात गार पडून राहिले!"

"मी चालवून राहिलो ना रे."

सुमंतनं पुढच्या सीटच्या पाठीवर मुठी मारल्या. सुमतीनं डोळे न उघडताच म्हटलं, "ओरडू नको त्यांच्यावर. ते चालवून राहिले ना."

कृष्णकांतांचा पाय जरा पुढं जायचा आणि मागं यायचा, ते मला तारेतून कळत होतं. खाली दाबायला जागा होती, पुष्कळ होती. पण त्यांना भीती, की दाबलं आणि इंजिन जाम झालं तर भर उन्हात रस्त्यावरच राहू. आणि त्या भीतीच्या खाली भैयाजीचं ते तेलकट बोट. मी तीसवर उभा. कुही फाटा गेला, दिघोरी गेलं, नंदनवन गेलं. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं तेव्हा सुमती नव्हती. तिथले डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." डॉक्टर लोक बोलतात तसंच बोलले. पण सुमंतनं ते वाक्य धरून ठेवलं.

त्यानंतर सुमंत पुण्याला गेला. कृष्णकांत निवृत्त होऊन नागपुरात नंदनवनला राहायला आले. मला रोज फडक्यानं पुसायचे, दर रविवारी इंजिन चालू करायचे. सुमंत दिवाळीला यायचा, अंगणात गाडी बघायचा, आणि वर्षानुवर्षं एकच प्रश्न न विचारता परत जायचा. कृष्णकांतही न विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर देत राहायचे. "जुनी गाडी रे. पहिल्यापासून बैलगाडीच आहे."

या वर्षी सुमंत आला तो रजतला घेऊन. रजत गांधीबागेतल्या साड्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. जुन्या गाड्यांचा शौकीन, त्यांचे व्हिडिओ करून मोबाइलवर टाकणारा. त्याच्या पिशवीतून एक काळी डबी निघाली, आगपेटीएवढी. तिला रबराची वाटी होती. ती त्यानं माझ्या डोक्यावरच्या काचेला चिकटवली.

"काकाजी, हे आकाशातल्या उपग्रहाशी बोलते," रजत म्हणाला. "गाडी किती सेकंदात शून्यावरून साठवर गेली ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सांगते. मोबाइलवर आलेख येते. तुमच्या काट्यासाठी मैलावर लावून राहिलो."

"नको रे बाबा," कृष्णकांत म्हणाले. "म्हातारी आहे. ताणू नका. मोडेल."

"मोडली तर मोडली," सुमंत म्हणाला. "मला बघायचं आहे."

त्याच्या आवाजात रजतला काही दिसलं नाही. मला दिसलं. कृष्णकांतांना तर फारच दिसलं. ते मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसले, जिथं सुमती झोपली होती तिथं.

सकाळची वेळ. उमरेड रस्त्याचा लांब, सरळ तुकडा. सुमंत गाडी चालवायला, रजत बाजूला मोबाइल धरून. मी मागच्या आरशात कृष्णकांतांना पाहत होतो. त्यांचे ओठ हलत होते. आयुष्यभर ज्या गाडीला त्यांनी लेकरासारखं जपलं, ती नापास व्हावी म्हणून ते देवाची विनवणी करत होते.

"तयार?" रजत म्हणाला. "एक, दोन, सोडा!"

सुमंतनं पाय दाबला.

बाबांनो, मला इतक्या वर्षांनी असं कोणी उठवलं नव्हतं. दहा, वीस. इंजिन गुणगुणलं. त्याला एवढी वर्षं इतकं हळुवार वागवलं होतं की ते जवळजवळ कोरंच होतं. जपणुकीचं हे असं फळ निघालं.

मी तीसवर आलो, आणि खरं सांगतो, तिथं थांबलो. जुने काटे कधी कधी अडकतात. तसा मी अडकलो. आरशातला म्हातारा दिसत होता मला. वाटलं, इथंच राहावं. सुमंत पाहील, म्हणेल, खरंच याहून पळत नाही, आणि दोघं बापलेक घरी जाऊन वरण-भात खातील. पूर्वीचे दिवस असते तर माझंच खरं धरलं असतं.

"काटा अटकला बे तीसवर," रजत हसला. "काही फरक नाही पडत. डबी सांगून राहिली. चाळीस... पन्नास... बाप्पा! साठ झाले!"

डबीनं टुक् असा आवाज केला. सुमंतनं माझ्या काचेवर टिचकी मारली. मी सुटलो आणि थेट साठच्या पुढं जाऊन आपटलो.

"काकाजी!" रजत मागं वळला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. "मले तर वाटलं होतं चाळीसालेच दम सोडते. ही तर नवरीवाणी ठेवली हो तुम्ही! अजून कितीतरी दम बाकी आहे हिच्यात. उमरेड ते नागपूर अर्ध्या तासात फेकते ही गाडी तुम्हाले!"

बिचाऱ्याला काय माहीत. तो स्तुती करत होता. एकेका शब्दागणिक कृष्णकांत सीटमध्ये खाली खाली जात होते.

सुमंतनं गाडी कडुनिंबाखाली उभी केली. इंजिन बंद केलं. मागं न बघता, आरशातून विचारलं.

"त्या दिवशी काटा कुठं होता बाबा?"

"तीसवर."

"सगळा रस्ता?"

"सगळा."

"आणि तुम्ही मला काय म्हणालात?"

रजतनं मोबाइल हळूच उलटा केला.

"काहून बाबा? फक्त एवढं सांगा. काहून?"

"भैयाजीनं सांगितलं होतं, तीसच्या वर नाही. मी सांगेन तेव्हा, म्हणाला होता."

"भैयाजी तर तेव्हा मरून गेला होता!"

"हो. पण सोडा म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं ना."

सुमंत हसला. मी त्याच्या कॉलेजच्या दिवसांपासून त्याला ओळखतो, पण असं हसताना त्याला कधी पाहिलं नव्हतं. मग तो उतरला, मागचं दार उघडलं आणि बापाला दंडाला धरून बाहेर काढलं.

"चालवा."

"सुमंत, जाऊ दे दादा," रजत म्हणाला. "म्हातारे आहेत."

"तू बस. बाबा, चालवा घरापर्यंत. मी मागं बसतो, आईच्या जागेवर."

कृष्णकांत बसले. गाडी निघाली, मी उठलो, आणि तीसवर येऊन उभा राहिलो. आता सगळं कळलेलं होतं, इंजिन पळतं हे सिद्ध झालं होतं, रस्ता मोकळा होता. तरी पाय खाली जाईना. मी तारेवर कान लावून होतो. दाबा हो, म्हणत होतो, एकदा तरी दाबा. नाही.

मागून सुमंत रजतच्या मोबाइलवर बघून वाचत होता. आवाज चढवला नाही त्यानं. नुसतं वाचत होता.

"तीस."

मैलाचा एक दगड मागं गेला.

"तीस."

आणखी एक.

"तीस, बाबा."

असं नंदनवनच्या फाटकापर्यंत. कृष्णकांतांच्या गालावरून पाणी हनुवटीवर आलं, तिथून शर्टावर. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पुसणार कसं? सुमतीसारखं "ओरडू नको त्यांच्यावर" म्हणणारं गाडीत कोणी नव्हतं. आणि ओरडत तरी कोण होतं?

घरी आल्यावर सुमंतनं गाडीची किल्ली रजतच्या हातात ठेवली. "घेऊन जा. आजच." कृष्णकांतांनी मान हलवली. बापाच्या पाया न पडता सुमंत पुण्याला गेला, आणि अंगणात माझ्या चाकांचे चार खड्डे तेवढे राहिले असतील.

आता मी गांधीबागेत रजतच्या नव्या साडीच्या दुकानात आहे. गाडी एका गोल चौथऱ्यावर उभी केली आहे, वर दिवे आहेत. इंजिन काढून रजतनं आपल्या दुसऱ्या गाडीत बसवलं. माझी तार तोडली. नवऱ्यामुली शालू घेऊन गाडीत बसतात आणि फोटो काढतात. रजतला वाटलं, शून्यावरचा काटा फोटोत मेल्यासारखा दिसते. म्हणून त्यानं काच काढून मला उचललं, ऐंशीवर नेलं, डिंकाचा एक थेंब लावला आणि काच सैलच बसवली. जिथं खाणीच्या साहेबानंही मला कधी नेलं नाही, तिथं मी उभ्या गाडीत चिकटून आहे.

मागच्या महिन्यात कृष्णकांत आले. एकटेच, काठी टेकत. दुकानातली पोरगी म्हणाली, "आजोबा, चपला काढून बसा हं." त्यांनी चपला काढल्या. दार उघडून बसले. स्टिअरिंगला हात लावला. मग अनवाणी पाय पुढं सरकवला आणि खाली दाबला. पूर्ण, तळाला टेकेपर्यंत. त्या पायाखाली आता काहीच जोडलेलं नाही.

त्यांनी वर पाहिलं. मी ऐंशीवर होतो.

बराच वेळ पाहत राहिले. डोळे कमजोर झालेत, डिंक त्यांना दिसला नसावा. मग माझ्या काचेजवळ तोंड आणून, बाजूच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, ते मला म्हणाले,

"आता जातोस बे. त्या दिवशी काहून नाही गेला?"

पोरगी आली, म्हणाली, "आजोबा, मागं लाइन आहे." ते उठले, चपला शोधल्या, गेले.

पाय सांगेल तिथवर जाणारी माझी जात. पण ते माझ्यावर टाकून गेले तर टाकू द्या. म्हातारा माणूस आहे, कुठं तरी ठेवायला हवं ना त्यानं. मी वाहीन.

फक्त एक मागणं आहे. तुम्ही कधी साडी घ्यायला गांधीबागेत आलात आणि गाडीत बसलात, तर काच सरकवून नखानं एवढा डिंक खरवडा, म्हणजे मी शून्यावर येईन. ते पुन्हा येतील, मला माहीत आहे. त्यांनी दाबलं तरी मी जागचा हललो नाही, असं त्यांना एकदा दिसू द्या.