सोनाराच्या मशीनमधला कार्बोरेटर

जमशेद मिस्त्रीच्या हातांवर मंगरूळपीरच्या निम्म्या मोटारसायकलींचा भरवसा होता आणि नेमके तेच हात त्याला दगा देऊ लागले होते.

आयुष्यभर त्याने इंजिनचे भाग एकाच पद्धतीने धुतले. डबड्यात पेट्रोल ओतायचं, भाग टाकायचे आणि हात घालून ब्रशने घासायचे. सगळेच मिस्त्री असं करतात. आधी रॉकेल होतं, ते मिळेनासं झालं तेव्हा पेट्रोल आलं. बाकीच्यांच्या कातडीने ते मुकाट्याने सोसलं, याच्या कातडीने पन्नाशी ओलांडल्यावर बंड पुकारलं. पेरांना भेगा पडल्या, मग तळवे उलले, मग त्यांतून रक्त येऊ लागलं. जेवताना रश्श्याचं तिखट भेगांत शिरलं की हा माणूस ताटावरून उठायचा. शेवटी त्याची बायको कमरुन्निसा वाटीत भाकर कुस्करून सोबत चमचा ठेवू लागली. चमच्याने जेवतो तो आजारी, अशी त्या घरातली समजूत. त्यामुळे तो चमचा नुसता दिसला तरी जमशेदचं डोकं फिरायचं.

वाशिमच्या डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि सरळ सांगून टाकलं, "मलम देतो. पण पेट्रोलमध्ये हात घालणं थांबलं नाही, तर मलमाचा काही उपयोग नाही. जमलं तर धंदा बदला."

धंदा बदला म्हणे! शर्ट होता का तो बदलायला? जमशेदने रबरी हातमोजे आणून पाहिले. ते पेट्रोलमध्ये फुगून चिकट झाले, शिवाय मोजा घातलेल्या बोटाला कार्बोरेटरचं सुईच्या टोकाएवढं भोक कळेना. धुवायला माणूस ठेवून पाहिला. त्याने धुतलेल्या गाड्या आठवडाभरात आचके देत परत दारात. तेव्हा जमशेदने मनाशी ठरवून टाकलं, दिवाळी झाली की गॅरेज बंद. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. बोलून दाखवलं असतं तर तिथेच रडू फुटलं असतं.

रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, गोविंदा सोनाराचं दुकान होतं. गोविंदा वयाने थोडा मोठा, पायजमा पांढराशुभ्र, आणि तोंड असं की पेढा दिला तरी तक्रार करत खाईल. पितृपक्ष लागला होता. पितरांच्या पंधरवड्यात सोनं कोण घेतो? गोविंदा सकाळी दुकान उघडायचा, गादी झटकायचा आणि दिवसभर समोरच्या गॅरेजकडे बघत बसायचा. गॅरेजात मात्र श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सोयाबीन काढणीला आलेलं, आणि ज्याला त्याला आपली गाडी आजच्या आज चालू करून हवी.

अशातच एका सकाळी गोविंदाचीच स्कूटर बंद पडली. तो ती ढकलत, स्कूटरला आणि जगाला शिव्या घालत रस्ता ओलांडून आला. जमशेदने कार्बोरेटर खोलला, डबडं पुढे ओढलं, आणि बोटं पेट्रोलला लागताच "या अल्ला" म्हणून हात मागे घेतला.

"दाखव," गोविंदा म्हणाला.

"काई नाई भाऊ."

"हात दाखव म्हनतो ना!"

जमशेदने हात पुढे केले. गोविंदा ते पाहून हळहळला असता तर तो गोविंदा कसला? तो चिडला. "काहून रे, अक्कल गहान टाकली का? हे असे हात पेट्रोलमधी बुडवून राह्यला तू? उचल तो कार्बोरेटर. चाल माह्या संगं."

सोनाराच्या दुकानात मागच्या बाजूला स्टुलावर एक मशीन होतं. स्टीलची चौकोनी टाकी, वर झाकण, पुढे दोन बटणं. दागिन्याला पॉलिश झालं की नक्षीच्या खाचांत मसाला अडकून बसतो, तो काढायचं हे अल्ट्रासोनिक मशीन. जमशेदने ते लांबून पाहिलं होतं, पण त्याचा आपल्याशी काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"याच्यातून आवाज निंगते," गोविंदा सांगू लागला, "पन इतका बारीक का आपल्या कानाले आयकूच येत नाई. त्यानं पान्यात बुडबुडे होतात अन फुटतात. जिथं ब्रश जात नाई तिथं ते घुसतात अन मळ भायेर काढतात."

"पानी कायले मंग? पेट्रोलच टाकू ना."

"अन माहं दुकान पेटवू का? खाली हीटर हाय, बावळ्या!"

गोविंदाने काचेच्या भांड्यात कोमट पाणी घेतलं, भांडी घासायचा पातळ साबण टाकला, त्यात कार्बोरेटर सोडला आणि ते भांडं टाकीतल्या पाण्यात ठेवून बटण दाबलं. मशीन बारीक कुरकुरू लागलं. क्षणभर काही झालं नाही. मग कार्बोरेटरच्या एकेका भोकातून काळा मळ निघू लागला, जणू आत कुणी बिडी ओढतंय. जमशेद वाकून बघतच राहिला. इतकी वर्षं तो त्या भोकांत तार घालत होता, फुंकर मारत होता, आणि एवढी घाण आतच राहत होती.

भाग बाहेर काढून त्याने उजेडाकडे धरला. बारीकशा भोकातून पलीकडचा रस्ता दिसला. त्याने वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, आणि गोविंदा मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

"घेऊन जाय हे," गोविंदा म्हणाला. "अमावस्येपावतर माह्याकडं कुत्रंबी येत नाई. पडूनच हाय."

दोघांनी मिळून झाकणासकट, पाण्यासकट मशीन रस्त्यापलीकडे नेलं, आणि गोविंदा घरी जेवून झोपायला गेला. जमशेदने झाकण उघडलं. पाणी गढूळ होतं, तळाला करड्या रंगाचा गाळ साचला होता. एवढ्या चांगल्या टाकीत ही घाण पाहून त्याला वाईट वाटलं. टाकीला आपलं ग्रीस लागू नये म्हणून तर गोविंदाभाऊने काचेचं भांडं वापरलं असणार. दुसऱ्याची वस्तू घ्यावी तर आधी चकाचक करावी, ही त्याची जुनी सवय. त्याने टाकी उचलून गॅरेजपुढच्या नालीत ओतली, परत परत पाणी घालून खळबळली, तळाचा गाळ कपड्याने पुसून काढला, तो कपडाही नालीवरच पिळला. आणि स्वतःवर खूष होऊन कामाला लागला.

ते दिवस त्याच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते, हे त्याला तेव्हाच कळत होतं. हळूहळू मशीनचा स्वभावही कळला. जाड ग्रीस आधी काडीने खरवडून काढायचं, नाहीतर पाणी लगेच मरतं, मळ सोडवेनासं होतं. भाग टाकीच्या तळाला टेकवायचे नाहीत, तारेच्या टोपलीत टांगते ठेवायचे. ॲल्युमिनियमला सोडा दाखवायचा नाही, ते काळं पडतं. बाहेर काढल्यावर हवा मारायची, आणि लोखंडी नट-बोल्टांना लगेच तेलाचा हात, नाहीतर बघता बघता तांबेरा चढतो. टोपली आत जायची, टोपली बाहेर यायची. हात कोरडे. गंजलेले, चिकटलेले बोल्ट नव्यासारखे बाहेर आले की गिऱ्हाईक विचारायचं, "नवे टाकले का मिस्त्री?" आणि जमशेद समोरच्या दुकानाकडे बोट दाखवायचा. "त्या मानसाची मेहेरबानी."

भेगा भरत आल्या. जुन्या कातडीचे पापुद्रे गेले आणि खाली लहान मुलासारखी गुलाबी कातडी आली. एका दुपारी त्याने ठेच्यासोबत भाकर हाताने खाल्ली. झोंबलं नाही. कमरुन्निसाने वाटीतला चमचा उचलून नेला, आणि आतून तिने नाक ओढल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून जमशेद रोज सकाळी शटर उघडायच्या आधी रस्त्यापलीकडे सलाम करू लागला. गोविंदा तिकडून हात झटकायचा. "पुरे कर बाप्पा! माह्या काई पाया पडून राह्यला का?"

सर्वपित्री अमावस्येला गोविंदा हातात रिकामी कॅन घेऊन गॅरेजात आला.

"मशीन राहू दे आजच्या दिवस," तो म्हणाला. "फक्त ते पानी दे. झारेकरी येऊन राह्यला." झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानातला केरकचरा, राख विकत नेऊन त्यातलं सोनं काढणारा माणूस. दसऱ्याच्या आधी तो एक चक्कर मारतोच.

"कोनतं पानी?"

"टाकीतलं. तळाचा गाळ. साऱ्या लग्नसराईच्या पॉलिशचा चुरा हाय त्याच्यात. म्हून तर तुह्या कार्बोरेटरसाठी काचेचं भांडं घेतलं ना मी. कुठं काढून ठेवलं?"

जमशेद मटकन स्टुलावर बसला. मिस्त्रीच्या डबड्यात तळाला राहते ती घाण, आणि ती फेकायचीच असते. सोनाराच्या टाकीत तळाला राहतं ते सोनं. हे गोविंदाला सांगावंसं वाटलं नाही, कारण त्याच्या जातीत ते लेकरालाही ठाऊक असतं. आणि जमशेदला विचारावंसं वाटलं नाही, कारण त्याच्या धंद्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

त्याने नालीकडे बोट केलं.

गोविंदा गप्प झाला. ऊठसूट चिडणारा माणूस असा गप्प झालेला पाहून जमशेदला खरी भीती वाटली. मशीन जाईल, ते सोडा. 'मिस्त्रीनं सोनं ओतून दिलं म्हनते, खरं का खोटं कोनाले मालूम,' असं या माणसाच्या मनात एकदा जरी आलं, तर आपण या रस्त्यावर तोंड दाखवायला जिवंत कशाला राहायचं?

नाली मात्र जागच्या जागीच होती. ती कोपऱ्यावर तुंबलेली, आणि पावसाने सारा पंधरवडा दडी मारलेली. काळा गाळ गॅरेजपुढेच साचून होता. जमशेद उठला, रिकामा पिपा घेतला, नालीकाठी उकिडवा बसला आणि बाह्या सारून हात खाली घातला. तो गाळापर्यंत पोचलाच नाही. गोविंदाने वरच्यावर त्याचं मनगट पकडलं होतं.

"डोळे फुटले का तुह्ये? आत्ता कुठं कातडी धरली हाय. या गाळात ऑईल हाय, ॲसिड हाय, अन काय काय हाय. हात घातला का सारं पुन्हा उलन."

"भाऊ, तुमचं सोनं हाय त्याच्यात."

"माहं हाय ना? मंग मी काढतो. सरक तिकडं."

आणि तो गोविंदा सोनार, ज्याच्या पायजम्यावर कधी चहाचा थेंब पडलेला कुणी पाहिला नव्हता, नालीच्या काठावर बसला. कोपरापर्यंत हात घालून गाळाचा एकेक ओंजळभर गोळा पिप्यात टाकू लागला. शेजारच्या चहाच्या टपरीवरचा संघदीप ओरडला, "काय भाऊ, काय हरपलं?"

"तुह्यी अक्कल! सापडली का आनून देतो," गोविंदा खालूनच खेकसला.

जमशेद आपले बरे झालेले हात पोटाशी धरून बाजूला उभा होता. त्याला आता अश्रू आवरेनात आणि ते आवरायची त्याला गरजही वाटेना. (त्या गाळातून झारेकऱ्याला किती सोनं मिळालं, हे गोविंदाने पुढे कधीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणतो, "तुह्या बोल्टांचा कीस निंगाला सारा.")

पिपा भरत आला तेव्हा जमशेद म्हणाला, "भाऊ, मशीन घेऊन जा. उद्या घट बसतात. गिऱ्हाईक येईन तुमच्याकडं."

"अन कोनाची पोत टाकू त्याच्यात? गिरीसचा वास येऊन राह्यला साऱ्या टाकीले. सत्यानाश केला तू मशीनचा." गोविंदाने वर पाहिलंच नाही. "माह्यासाठी आनतो मी एक लहान. हे राहू दे इथंच. तुह्याच कामाचं राह्यलं ते आता."

"दिवाळी झाल्यावर मी गॅरेज बंद करनार होतो," जमशेद म्हणाला. "कमरुन्निसालेबी सांगतलं नाई. तुमालेच सांगून राह्यलो."

गोविंदाचे गाळातले हात थांबले. "अन आता?"

"आता कायले बंद करू? भाऊ, तुमी माहे हात वापस देल्ले मले. मी मरेपावतर इसरनार नाई."

"बस झालं. उठव मले. गुडघे धरले."

जमशेदने हात पुढे केला. गोविंदाने आपला हात उचलला, तो काळाकुट्ट बरबटलेला पाहिला आणि तसाच मागे घेतला. मग त्याने तो आपल्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर पुसला. एकदा पुसला, उलटा करून पुन्हा पुसला, बोटांच्या बेचक्यांतूनही कापड फिरवलं, आणि पुरता कोरडा झाल्यावरच जमशेदच्या हातात दिला.