उत्तम प्रश्न

माझ्या नवऱ्याने मोबाइलवर भाषणकलेचा कोर्स केला आणि त्याला शिंगंच फुटली. रोज जेवणं आटोपली की पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून हा त्याच्यापुढे हातवारे करत बसायचा. कुणी काही विचारलं की आधी हसायचं, तळवे उघडायचे, "उत्तम प्रश्न!" म्हणायचं आणि मग जरा थांबायचं, असं कोर्सातल्या गुरूने शिकवलं होतं. मग काय, मी "गॅस बंद केलास का?" असं विचारलं तरी उत्तम प्रश्न! हा थांबला, पण दूध कशाला थांबतंय? गेलं उतू.

परवा कारखान्यात मालकांपुढे त्याला बोलायचं होतं. बंद पडलेलं मशीन कधी सुरू होणार, एवढंच सांगायचं. या शहाण्याने पडद्यावर सूर्योदय दाखवला आणि येरझाऱ्या घालत 'अडचण हीच संधी' यावर अक्कल पाजळली. शेवटी मालकांनीच विचारलं, "अहो, पण मशीन कधी सुरू होणार?"

"उत्तम प्रश्न!" म्हणून हा थांबला. मालक उठून निघून गेले.

एवढे दिवे लावून घरी आला आणि जेवताना म्हणतो कसा, "त्या लोकांना माझी पातळीच झेपली नाही."

"पण बाबा," लेकीने विचारलं, "मशीन कधी सुरू होणार?"

तो हसला. त्याने तळवे उघडले.

"राहू दे," ती ताट उचलत म्हणाली, "माझा प्रश्न उत्तम आहे, ते कळलं मला."