मोरेश्वरचा आवाज

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आश्लेषाचा आवाज गेला, आणि तीन महिन्यांनी परत आला तो जाड, खालच्या पट्टीतला. बँकेत फोन केला की पलीकडची माणसं तिला 'सर' म्हणू लागली. तिचा नवरा अनीश यावर हसायचा. मग एका सकाळी तिने सांगितलं, की या आवाजात ती एकनाथशास्त्रींना फोन करणार आहे, आणि त्याचं हसू थांबलं.

शास्त्रीबुवा वाईला न्यायशास्त्र शिकवत. आश्लेषा संस्कृत घेऊन एम.ए. झाली होती, अमेरिकेत कॅरी गावी एका औषध कंपनीत डेटा तपासायचं काम करायची. ऑपरेशनच्या चार वर्षं आधी तिने शास्त्रीबुवांना पत्र लिहिलं होतं. दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं: आपल्या गुरूंना दिलेल्या वचनामुळे ते स्त्रियांना पाठ देत नाहीत, क्षमा असावी.

आता तिने मोरेश्वर म्हणून फोन केला. शास्त्रीबुवांची दृष्टी काचबिंदूने गेलेली, त्यामुळे व्हिडिओचा प्रश्नच नव्हता. पाठ सुरू झाले. सहा वर्षं, रोज सकाळी साडेसहाला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून. 'आले', 'वाचते' ऐवजी 'आलो', 'वाचतो' म्हणायची तिला इतकी सवय झाली की एकदा घरी ती सहज "मी दमलो" म्हणाली.

शास्त्रीबुवा फारसं कौतुक करणारे नव्हते. पण तिने एखादी शंका काढली की ते म्हणत, "उद्या सांगतो." त्या दिवशी आनंदाने आश्लेषाला ऑफिसात जेवण सुचायचं नाही.

मग शास्त्रीबुवा घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांचा मुलगा राजीव त्यांना अमेरिकेत शॉमबर्गला आपल्या घरी घेऊन आला. पाठ अर्ध्या तासावर आले. एके दिवशी ते म्हणाले, अनुमानाच्या प्रकरणातली एक गाठ उरली आहे. तिची उकल त्यांच्या गुरूंनी डोक्यावर हात ठेवून तोंडी सांगितली होती, कुठेही लिहिलेली नाही. "ती फोनवर द्यायची नाही. तू ये."

तिने प्रोजेक्टचं कारण सांगितलं, नंतर तापाचं. दोन महिने असेच गेले. शेवटी राजीवचा फोन आला, की डॉक्टरांनी आता दिवसच मोजायला सांगितलेत, बाबा सारखं मोरेश्वरचं नाव घेतात.

अनीश म्हणाला, खरं सांगून टाक. पण तिला वाटत होतं, खरं सांगितलं तर शास्त्रीबुवा तोंड उघडणार नाहीत, आणि नाही सांगितलं तर दार उघडणाऱ्यांना आपण बाई आहोत हे दिसणारच. यातून तिला वाट सापडेना. शेवटी ती मोरेश्वरची बायको म्हणून गेली.

राजीवची बायको पद्मिनी दारात आली. कधीमधी तीच फोन उचलायची, आवाज ओळखेल म्हणून आश्लेषा घसा बसल्याचं सांगून कुजबुजत बोलली. मोरेश्वर मागून येणार आहेत, एवढंच म्हणाली. पद्मिनीला मुलीला शाळेतून आणायला जायचं होतं. वीस मिनिटं बसाल ना बाबांजवळ, असं विचारून ती गेली.

खोलीत खिडकीशी पलंग होता. शास्त्रीबुवा तिच्या मनातल्यापेक्षा फार लहानखुरे होते.

"गुरुजी, मी आलो," आश्लेषा म्हणाली.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि तिला जवळ बसायला सांगितलं. वेळ थोडा आहे, म्हणाले. "गुरूंनी मला विचारलं तसंच विचारतो. नाव आणि गोत्र सांग. इथे खोटं चालत नाही, खोटं बोलून घेतलेलं फळत नाही."

सहा वर्षं ती जे नाव सहज घेत आली होती, ते तोंडातून बाहेर पडेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. म्हातारा हात हवेत तसाच थांबला होता.

"माझं नाव आश्लेषा," ती म्हणाली. "मी बाई आहे, गुरुजी."

त्यांनी हात हळूहळू पांघरुणावर ठेवला. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"इतके दिवस दिलं ते अजाणता दिलं," ते म्हणाले. "ते तुझंच आहे. पण आता जाणून कसं देऊ? मी शब्द दिलाय, पोरी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "दुसरं कुणी नाही गं मला द्यायला."

ती त्यांच्या पायांशी बसून राहिली. मग पद्मिनी आली. मोरेश्वरचं येणं कॅन्सल झालं, असं आश्लेषाने कुजबुजत सांगितलं आणि ती निघाली.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तिने फोन लावला. पद्मिनीने तो मोरेश्वरचा म्हणून शास्त्रीबुवांच्या हातात दिला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. रोज असंच झालं. त्यांनी फोन ठेवला नाही, आणि तीही बोलली नाही.

अकराव्या दिवशी राजीवने स्वतः फोन केला. बाबा पहाटे गेले. आश्लेषाने मोरेश्वरच्या आवाजात त्याचं सांत्वन केलं.

"शेवटच्या दोन रात्री ते पाठ दिल्यासारखं सतत काहीतरी बोलत होते," राजीव म्हणाला. "संस्कृत. मला एक शब्द कळला नाही. तुम्ही हवे होतात."

काही तरी आठवतंय का, तिने विचारलं. नाही, तो म्हणाला. कुणाला सुचलं नाही रेकॉर्ड करायचं.